नव्या सुनेच्या ओळखी

लग्न होऊन नव्या गावी आलेली मुलगी काम शोधू लागली की तिला पहिला सल्ला घरातून मिळतो: आधी जरा रूळ, मग बघू. दुसरा सल्ला शिकलेल्या मैत्रिणी देतात: हळदीकुंकू आणि भजनात वेळ घालवू नकोस, अर्ज करत राहा. हे सल्ले देणाऱ्यांचे एरवी एकमेकांशी पटत नाही, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत असते. देवधर्म आणि शेजारपाजार वेगळा, नोकरी वेगळी, असे दोघेही धरून चालतात. लग्नानंतर गाव बदलून काम शोधलेल्या असंख्य बायकांपैकी मी एक आहे. माझी हकिगत इथे सांगत नाही, कारण ती इतरांहून फारशी निराळी नाही आणि एकीच्या हकिगतीवरून काही सिद्धही होत नाही. मात्र त्या काळात जे समजू लागले आणि पुढे आकडेवारी व इतिहास वाचताना जे पक्के झाले, ते मांडावेसे वाटते. नव्या सुनेच्या हातात पदवी असते, कौशल्य असते, पुष्कळदा आधीच्या नोकरीचा अनुभवही असतो. लग्नाबरोबर तिच्या हातून जाते ते ओळखीपाळखीचे जाळे. नव्या गावात ते पुन्हा विणायला तिला सर्वांत आधी जी जागा मिळते, ती बहुतेक वेळा देवाधर्माची असते. म्हणून आरती, भजन, मंगळागौर, विहारातले वाचन, चर्चमधली महिला मंडळी यांना फावल्या वेळचे उद्योग म्हणणे चूक आहे. तिच्या काम शोधण्याचाच तो एक भाग आहे, आणि तो तसाच मोजला पाहिजे.

आधी या स्थलांतराचा आकार पाहू. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२०-२१ साली स्थलांतराची माहिती घेतली गेली. त्यात देशातल्या ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण १०.७ टक्के होते. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांनी गाव बदलण्याचे कारण लग्न सांगितले. आपल्याकडे स्थलांतर म्हटले की डोळ्यांपुढे बिहारचा मजूर येतो, ऊसतोड कामगाराची बैलगाडी येते किंवा विमानतळावरचा आयटीवाला येतो. सासरी निघालेली मुलगी काही येत नाही. देशातले सर्वांत मोठे स्थलांतर तिचे आहे, आणि तिला स्थलांतरित म्हणावे असे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणूनच स्थलांतरिताला नव्या ठिकाणी काय लागते, हा प्रश्न तिच्याबाबत विचारला जात नाही. ती ‘आपल्या घरी’ आली आहे, असे मानले की प्रश्नच मिटतो.

पुरुषांच्या स्थलांतराशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. रत्नागिरीतून मुंबईच्या गिरणगावात आलेला तरुण एकटा येत नसे. त्याच्या आधी गावचे दहाजण येऊन राहिलेले असत. गावकीची खोली ठरलेली, तिच्यात पथारी टाकायला जागा ठरलेली, खानावळ ठरलेली. त्याला गिरणीत चिकटवणारा जॉबर बहुधा गावचा, भावकीतला किंवा त्यांच्या ओळखीतला असे. संध्याकाळी त्याच खोलीत गावचे भजनी मंडळ बसे आणि गणपतीला, शिमग्याला गावी जायची वर्गणीही तिथेच जमे. काम, देव आणि माणसे ही तिन्ही त्याला एकाच दारातून मिळत. गिरण्यांच्या इतिहासकारांनी या नात्यांना कामगार भरतीच्या व्यवस्थेचा भाग मानले आहे. त्या भजनाला कुणी वेळेचा अपव्यय म्हटल्याचे वाचनात नाही. भजनाची डबलबारी ऐकायला जाणारा पुरुष लोकसंस्कृती जपत होता आणि त्याची सून भजनाला गेली तर ती दुपार वाया घालवते, हा हिशेब कुणी मांडला कोण जाणे.

सुनेची रचना याच्या बरोबर उलटी असते. तिच्या आधी त्या गावात येऊन राहिलेली माणसे असतात, पण ती नवऱ्याची. दीर, नणंद, शेजारच्या काकू, नवऱ्याचे मित्र या सगळ्यांशी तिचे नाते नवऱ्यामार्फत जोडलेले असते आणि त्यांच्या नजरेत ती अमक्याची बायको असते. कॉलेजातल्या मैत्रिणी, शिकवणीचे सर, आधीच्या ऑफिसातल्या ताई, जिथे उमेदवारी केली तो दवाखाना, हे सगळे माहेरी राहते. त्यात कागदपत्रांची भर पडते. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला, विवाह नोंदणी, आधारवरचा पत्ता, नाव बदलले असेल तर पदवीवरच्या आणि आताच्या नावाचा मेळ. जातीचा दाखला वडिलांच्याच कागदांवरून मिळतो आणि नॉन-क्रीमीलेअरसाठीही वडिलांचेच उत्पन्न पाहतात, म्हणून त्यासाठी पुन्हा माहेरची वारी आलीच. उलट २०२४ साली लाडकी बहीण योजनेत परराज्यात जन्मलेल्या सुनेला नवऱ्याच्या कागदपत्रांवर अर्ज करण्याची मुभा होती. सरकारच्या लेखी ती कधी वडिलांची, कधी नवऱ्याची. या फेऱ्यांत पहिले वर्ष सहज निघून जाते आणि बायोडेटावर तेवढी रिकामी जागा पडते.

त्या रिकाम्या जागेचे मोजमापही झाले आहे. दक्षिण आशियातल्या स्त्रियांच्या रोजगारावरचा जागतिक बँकेचा अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. भारतात लग्नानंतर स्त्रियांचा रोजगार सुमारे १२ टक्के-बिंदूंनी घटतो, असे त्यात दिसले. लग्नाआधी कामावर असलेल्या स्त्रियांचा जवळपास तिसरा हिस्सा यात गळतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की अजून मूल झालेले नसतानाही ही घट दिसते. बायका नोकरी सोडतात त्या मुलांसाठी, हे आपल्या घराघरांतले ठरीव स्पष्टीकरण इथे अपुरे पडते. पाळणा हलण्याच्या बऱ्याच आधी काहीतरी तुटलेले असते. घरकामाचा बोजा, सासरच्यांची नापसंती ही कारणे आहेतच, ती कुणी नाकारू नयेत. ‘लग्न झालंय का? मग मुलाचा विचार कधी?’ असे मुलाखतीत विचारणारेही आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण तिचा खर्च मालकावरच असल्यामुळे नवविवाहितेला घेताना हात आखडण्याचे एक निमित्त काही मालकांना मिळाले. तरीही ही सगळी कारणे धरून एक प्रश्न उरतो. सासरची हरकत नाही, पोर नाही, पदवी आहे, तरीही काम मिळत नाही, अशा मुलींचे काय? अशा मुली प्रत्येक नव्या वसाहतीत आहेत.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक प्रसिद्ध निबंध इथे उपयोगी पडतो. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्यांनी विचारले की ज्याच्याकडून खबर मिळाली तो माणूस तुम्हाला कितपत भेटायचा. नेहमी भेटणारा, असे सांगणारे सहात जेमतेम एक निघाले. बाकीच्यांना खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला जे ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. हे निष्कर्ष तिथल्या सुशिक्षित नोकरदारांवरून काढलेले आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण नव्या सुनेला हा आरसा धरून पाहा. तिच्याजवळ घट्ट नाती भरपूर असतात, किंबहुना जरा जास्तच. अधूनमधून भेटणारी माणसे मात्र तिच्याकडे उरलेली नसतात. शाळेत जागा निघाली आहे, बाजूच्या पॅथॉलॉजी लॅबला संध्याकाळची मुलगी हवी आहे, पतसंस्थेतली कॅशियर बाळंतपणाला जाणार आहे, अशा बातम्या वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. त्या कुणीतरी कुणालातरी बोलता बोलता सहज सांगते. तसे सहज बोलण्याच्या परिघात तिला यायचे असते.

त्या परिघात शिरायचे कुठून? पुरुषाला नाका आहे, चहाची टपरी आहे, कट्टा आहे, मित्राचे दुकान आहे. बदलापूर, विरार किंवा वाघोलीच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या मुलीने संध्याकाळी विनाकारण तासभर खाली उभे राहावे, हे अजून आपल्याला पचत नाही. देवाला जाते म्हटले की मात्र कुणी कारण विचारत नाही. हा परवाना तिला फुकट मिळालेला नाही. संत बहिणाबाईंना कीर्तनाला जाण्यापायी नवऱ्याचा मार खावा लागल्याचे त्यांच्या आत्मकथनपर अभंगांतूनच कळते. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. त्यांच्या शिकण्याला आणि सभांना जाण्याला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा केवढा विरोध होता, हे त्यांच्या आठवणींत तपशिलाने आले आहे. पुढे १९०९ साली त्याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि तिथून बायका शिक्षिका व परिचारिका होऊन बाहेर पडल्या. तेव्हा देवळात जाण्याची आजची मोकळीक कित्येक पिढ्यांच्या बायकांनी भांडून, समजूत घालून, कधी निमित्त काढून मिळवलेली आहे. ती वापरणाऱ्या मुलीला मागासलेली म्हणणे हा कृतघ्नपणा झाला.

या जागांची रचना बारकाईने पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते: त्या नवख्या बाईला सामावून घेण्यासाठीच घडलेल्या वाटतात. लग्न होऊन पाच वर्षे व्हायची आहेत अशा मुलींना श्रावणातल्या मंगळवारी एकत्र बोलावणारी मंगळागौर म्हणजे त्या परिसरात नव्याने आलेल्या सुनांची यादीच. अशी यादी ना महापालिकेकडे असते ना रोजगार कार्यालयाकडे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात एक बाई पंधरा घरी जाते आणि प्रत्येक घरी वेगळ्या बायका भेटतात. समर्थ बैठकीला किंवा स्वामी समर्थ केंद्रात जाणारी मुलगी अलिबागहून ठाण्याला आली तरी तिथे तीच उपासना आणि तसाच वार सापडतो, आणि पहिल्याच दिवशी तिला काय करावे हे ठाऊक असते. बौद्ध वसाहतीत वर्षावासाचे तीन महिने विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचणाऱ्यांत शिकलेल्या सुनेला आपसूक जागा मिळते आणि ऐकणाऱ्यांत शिक्षिका, नर्स, बँकेतल्या, मंत्रालयातल्या बायका असतात. वसईच्या पॅरिशमध्ये लग्न होऊन आलेल्या मुलीची नोंद चर्चमध्ये होते आणि मिस्सा संपल्यावर अंगणात उभ्या उभ्या बोलणे होते. उपासना निरनिराळ्या आहेत, पण नव्या बाईला काही न विचारता शेजारी बसवून घेण्याची रीत सगळीकडे आहे. दोन-तीन वेळा शेजारी बसल्यावर ‘तू काय शिकलीस गं?’ हा प्रश्न येतो. ‘आमच्या शाळेत बघते हं विचारून’ हे वाक्य त्या प्रश्नाच्या मागोमाग येते, निदान येऊ शकते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो. या जागा सवाष्णींच्या आहेत. ज्या हळदीकुंकवाने नव्या सुनेला दार उघडायचे तेच विधवेच्या, परित्यक्तेच्या तोंडावर बंद होते. मंगळागौर तर काही जातींपुरतीच. विहारातली ओळख विहारापुरती, देवळातली देवळापुरती, म्हणजे जातीच्या भिंतीच्या आतच बातमी फिरणार आणि चांगल्या नोकऱ्या ज्यांच्या ओळखीत आधीच आहेत त्यांच्याच सुनांना मिळणार. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. भिंती आहेत म्हणून या जागा निरुपयोगी ठरत नाहीत; त्या किती उपयोगी आहेत याचाच भिंती हा पुरावा. ज्या दारातून काही मिळत नाही ते दार कुणी अडवून धरत नाही. आणि ही दारे हलतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले, आणि त्यानंतर गावोगावी विधवांना मानाने बोलावणारी हळदीकुंकवे झाली. प्रश्न कुंकवाचा होता तितकाच बोलावण्याचा होता. जातीचे कोडे याहून कठीण आहे आणि ते हळदीकुंकवाने सुटणार नाही. शहरातल्या सोसायटीतली आरती जेवढी मिश्र असते तेवढी आळीतली नसते, एवढाच आधार तूर्त दिसतो.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूचा. भजनी मंडळातून मिळून मिळून काय मिळणार? शिकवणी, डबे, पापड, फार तर बालवाडी. एम.एस्सी. झालेल्या मुलीने चकल्या कराव्यात का? जे मिळते ते पुष्कळदा तिच्या शिक्षणापेक्षा खालचे असते, हे खरे आहे. पण ‘डबे आणि पापड’ म्हणताना आपल्या कपाळावर ज्या आठ्या पडतात त्यांच्याकडेही एकदा पाहायला हवे. १९५९ साली गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेच्या दारात उभे केले. दोन्हीकडे बायकांची आपापसांतली ओळख आधी होती, धंदा नंतर आला. लिज्जतमध्ये सभासदांना आजही बहिणी म्हणतात आणि दिवसाच्या कामाला प्रार्थनेची जोड आहे. मुंबई-पुण्यात आणि डोंबिवलीत मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे गट आता मानधन ठरवून कार्यक्रम करतात. फुगड्या आणि झिम्मा यांचे बुकिंग श्रावणाच्या आधीच सुरू होते. याला रोजगार म्हणायला आपली जीभ अडखळत असेल तर दोष कामाचा नाही.

तरीही अशा ओळखीतून मिळणाऱ्या कामाच्या कमाल मर्यादेचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर रेल्वेच्या डब्यात सापडते. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू झाली. तिच्यात आणि एकूणच लोकलच्या बायकांच्या डब्यात जे चालते ते सगळ्या मुंबईकरांना ठाऊक आहे: दसऱ्याला डब्याची पूजा आणि तोरण, संक्रांतीला तिळगूळ आणि वाण, सकाळच्या गाडीत भजन, परतीच्या गाडीत भाजी निवडणे. त्याच बाकावर कुठल्या बँकेत भरती निघाली, कुणाच्या ऑफिसात ऑपरेटर हवी आहे, कुठल्या क्लासचा उपयोग होतो, कुठल्या साहेबापासून सांभाळून राहायचे, हेही बोलले जाते. खबरीचा दर्जा विहार-देवळातल्या खबरीपेक्षा वरचा, कारण बोलणाऱ्या बायका वेगवेगळ्या कचेऱ्यांतल्या. देव, काम आणि सोबत इतके एकजीव झालेली दुसरी जागा दाखवणे अवघड आहे. आणि नेमकी तिथेच नव्या सुनेची पंचाईत होते. रोज त्या डब्यात बसायला पास लागतो, पास काढायला नोकरी लागते. काम शोधण्याची सर्वांत चांगली जागा काम मिळालेल्यांसाठीच राखीव आहे. म्हणून मी देवळाची बाजू घेते: तिथे पास लागत नाही.

तिसरा आक्षेप भाविकांचा आहे आणि तो मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. नोकरीसाठी आरतीला जायचे म्हणजे देवाशी सौदा झाला. ज्यांची श्रद्धा खरी आहे त्यांना हे ऐकून वाईट वाटेल. पण श्रद्धा आणि गरज यांची अशी फाळणी आपल्या परंपरेत कधी होती? जनाबाईंच्या अभंगांत दळणकांडण आणि विठ्ठल वेगळे काढता येत नाहीत. जात्यावर दोघी समोरासमोर बसत, दळण होई, ओवीत विठोबा येई आणि त्याच ओवीत सासूचा जाच, माहेरची आठवण, भावाची वाट हे सगळे येई. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो संग्रह चाळताना भक्तीची ओवी कुठे संपते आणि कामाची कुठे सुरू होते हे सांगणे मुश्कील होते. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, बायकांचे कष्ट वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु दोघींनी समोरासमोर बसण्याची सक्तीही गेली आणि तिच्या जागी काही आले नाही. शिवाय काम मिळत नसलेल्या महिन्यांत मुलीचा आत्मविश्वास ज्या वेगाने झिजतो त्या वेळी उपासनेचा ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि आपली कुणी वाट पाहणे याची किंमत नोकरीच्या खबरीइतकीच असते. तिथे ती रिकामी बसलेली नसते.

चौथे म्हणणे असे, की आता मोबाइल आहे. नोकरीच्या साइट आहेत, लिंक्डइन आहे, व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. मग देवळाच्या पायऱ्या कशाला? मोठ्या कंपनीतल्या ठरीव पदांसाठी हे खरे आहे. पण शाळा, दवाखाने, सीएची कार्यालये, पतसंस्था, दुकाने इथल्या जागा अजूनही विश्वासावर भरल्या जातात. रोख हाताळायची आहे, लहान मुले सांभाळायची आहेत, तर मालक विचारतो: कुणाच्या ओळखीची? अर्ज पडद्यावरून जातो, हमी माणूस देते. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्येही नव्या सुनेला कोण घेते? जिने तिला गणपतीच्या आरतीला पाहिले आहे तीच.

आतापर्यंतच्या बोलण्यातून असे वाटू नये की सरकारने हात झटकावेत आणि देवळांनी रोजगार द्यावा. उलट सरकारने जिथे सुनेला गावची मानले तिथे काय घडते हे दिसले आहे. २००५ साली आशा कार्यकर्तीची योजना आली तेव्हा निकष असा ठेवला, की ती त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, शक्यतो २५ ते ४५ वयाची. अविवाहित मुलगी लग्न होऊन गाव सोडेल, सून राहील, हे त्यामागचे साधे गणित. जी गोष्ट मुलाखतीत तिच्या विरुद्ध जाते तीच इथे तिची पात्रता ठरली. आशांचा मोबदला तुटपुंजा आहे, त्यासाठी त्यांना पुनःपुन्हा संप करावे लागतात, हे अर्थातच लाजिरवाणे आहे. पण गावातल्या प्रत्येक उंबऱ्याशी ओळख करून देणारे दुसरे काम सुनेला कुणी दिले होते? बचत गटांचेही तसेच. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ साली सुरू झालेले उमेद अभियान गटांचे काम करत आहेत. घरटी निदान एक बाई गटात यावी हा हेतू असल्याने सासू आधीच सभासद असते आणि सुनेला जागा नसते. पण गटाची वही लिहायला शिकलेली मुलगी लागते. वहीपासून सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती), बँक सखी, पशू सखी अशा वाटा फुटतात. आठवड्याची बैठक पुष्कळ गावांत देवळाच्या सभामंडपातच भरते, हेही ध्यानात घ्यावे.

शहरात सुनेला असे घराघरांशी जोडणारे सरकारी काम फारसे नाही. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग ४७.६ टक्के होता, शहरी स्त्रियांचा २८ टक्के. ग्रामीण आकड्यात घरच्या शेतीत बिनमोबदला राबणाऱ्या बायकाही धरलेल्या आहेत, तेव्हा त्याने हुरळून जाण्यात अर्थ नाही. पण शहरी आकडा इतका खाली का, याची कारणे शोधताना शिक्षण, सुरक्षितता, प्रवास यांची चर्चा होते आणि ओळखीची होत नाही. पस्तीस मजल्यांच्या इमारतीत शिकलेली सून दोन-दोन वर्षे कुणालाही माहीत नसते.

ओळखीच्या या सिद्धान्ताची मर्यादा पाहायची तर अमेरिकेतल्या मराठी घरांत पाहावी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्याबरोबर एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर गेलेल्या मुलीला तिथे पोहोचताच गणपती, दिवाळी, संक्रांत करणारे महाराष्ट्र मंडळ सापडते, शनिवार-रविवारची मराठी शाळा सापडते. ओळखी इथल्यापेक्षा लवकर होतात. पण कायदा तिला पगारी काम करू देत नाही. मे २०१५ पासून काहींना परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोहोचल्यावर. नव्या लग्नाच्या मुलीला त्यासाठी पुष्कळदा कित्येक वर्षे थांबावे लागते. तोवर ती मराठी शाळेत विनामोबदला शिकवते, मोदकांची जबाबदारी घेते, सूत्रसंचालन करते. ओळख असून दार बंद असले तर सेवा उरते, काम मिळत नाही. आपल्याकडे दार बहुतेकींना उघडे आहे. तिथवर नेणारे कुणी नाही, एवढाच फरक.

राहता राहिली वेळेची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. भजनी मंडळे दुपारी तीनला बसतात, हळदीकुंकू पाचला सुरू होते, मंगळागौर मंगळवारी असते. ज्या मुलीला या ओळखीतून काम लागते ती त्या वेळी ऑफिसात असते. दोन-तीन महिन्यांत तिचे येणे थांबते, तिची जागा दुसरी घेते, आणि मंडळात पुन्हा काम नसलेल्याच बायका उरतात. जिच्याकडे खबर आहे ती तिथे नाही आणि जिला खबर हवी आहे ती तिची वाट पाहत बसली आहे. काही मंडळांनी बैठक रविवारी सकाळी नेली आहे, काहींनी रात्री साडेआठला. त्यावर जुन्या सभासद कुरकुरतात, कारण त्यांना सातनंतर स्वयंपाक असतो. तो स्वयंपाक दुसऱ्या कुणी करायचा का, हा प्रश्न मात्र अजून एकाही मंडळाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर आल्याचे ऐकिवात नाही.